चौदा घरांचा एकच कान

सोनूला राग आला की ती वरडत न्हाई, भांडी आपटत न्हाई. नाकाचा शेंडा लाल व्हतो आणि पाय झपाझपा पडायला लागतात. त्या दिवशी ताडकळसच्या स्टँडवर ती एसटीतून उतरली, तवा तिचं नाक बघून रिक्षावाल्यानं "कुठं जायचं ताई" एवढं बी इचारलं न्हाई.

बाजाराचा दिवस व्हता. थोरला भाऊ रामहरी सकाळधरनं तीनदा फोन करून बसला व्हता.

"सोने, कुसुमबाईच्या नऊ मेंढ्या टेम्पोत चढवायलेत. समद्या गाभण. आणि तुझ्या साईटची गवाही घिऊन चढवायलेत. तू ये. भाकर खात असशील तर हात बी धुवू नको, ये."

आता ही सोनू कोण, ते ऐका.

झरीच्या येडबाची लेक. येडबाकडं जमीन दीड एकर आणि मेंढरं साठ-सत्तर. आज्या-पंज्यापासून मेंढरांमागं चालणारं घर. त्या घरातली पोरगी बांधावर बसून शिकली. शिकवणी न्हाई, गाईड न्हाई, आणि बारावीला शहात्तर टक्के! मास्तरांची पोरं साठावर बसली व्हती, हे झरीत कुणालाबी इचारा. मंग परभणीला तीन वर्षं कॉम्प्युटर शिकली आणि तिथंच वेबसाईटी बनवायच्या एका दुकानात नोकरीला लागली. मोठ्या घरची पोरं पुण्याला जाऊन दुसऱ्यानं लिहिलेलं निस्तरत बसत्यात. येडबाच्या लेकीनं सोताच्या डोक्यातनं एक अख्खी वेबसाईट उभी केली. असं दुसरं लेकरू पंचक्रोशीत दाखवा आणि मंग बोला.

साईटचं नाव 'कानखूण'. शेतकऱ्याला सातबारा असतो. मेंढरंवाल्याचा सातबारा मेंढीच्या कानावर असतो. कोकरू महिन्याचं झालं की त्याच्या कानाला घराची खूण कापायची. कुणाची चीर, कुणाचं भोक, कुणाची चंद्रकोर. पाण्यावर दोन कळप मिसळले की कान बघायचा आणि आपलं आपलं येगळं करायचं. पण अलीकडं कुठून कुठून नवी घरं आली, जुनी जाणती माणसं गेली, आणि कुणाची खूण कोणती यावरनं काठ्या निघायला लागल्या. मागच्या साली कालव्यावर असंच झालं आणि येडबाच्या डोक्याला चार टाके पडले. दवाखान्यात बापाजवळ बसल्या बसल्या सोनूनं ठरवलं. परत्येक घरानं आपल्या खुणेचा फोटो साईटवर चढवायचा. तकरार झाली की फोन उघडायचा, घर निवडायचं, खूण समोर. काठी कामून पायजे?

एक्केचाळीस घरांनी फोटो चढवले. रामहरीनं बाजारा-बाजारात, चहाच्या हाटेलात, वरातीत सुदिक सांगितलं व्हतं की भैनीनं बनवलंय. आणि कामून सांगू नये?

पण चूक झाली व्हती. झालीच व्हती, झाकून काय करायचं?

साईटीत दोन जातीचा माल असतो. एक साईटीचा सोताचा: वरचं देवाचं चित्र, रंग, बटनं. तो समद्यांना सारखाच दिसतो, रोज तोच. दुसरा लोकांनी आणून ठेवलेला. या दोन मालांला दोन खोल्या पायजेत. घरचं आणि लोकांनी ठेवायला दिलेलं एका संदुकीत ठेवू नये, हे न शिकलेल्या बाईला बी कळतं. सोनूला बी कळत व्हतं. पण चंपाषष्ठीच्या आत साईट चालू करायची व्हती. ती म्हणली, आता एकाच फोल्डरात टाकू, नंतर येगळं करू. ते 'नंतर' कधी उगवलंच न्हाई.

मंग फोन यायला लागले. पयला फोन झरीच्या चुलत्याचा. "सोने, साईटीवर देवाच्या जागी मेंढीचा कान दिसायलाय की गं."

सोनूनं आपला फोन उघडला. वर खंडोबा, घोड्यावर, जिथल्या तिथं. "काका, तुमचा मोबाईल जुना झालाय."

दुसरा फोन, तिसरा फोन. कुणाला डावा कान, कुणाला उजवा. सोनू दर वेळी आपला फोन उघडायची, दर वेळी देव जिथल्या तिथं. चौथ्याला तर ती म्हणली, "देव दिसत नसंल तर तुमच्या मनात काय हाय ते बघा." चौथा माणूस येडबापेक्षा वयानं मोठा व्हता. त्यानं गुमान फोन ठेवला.

हेच सगळं एसटीत तिच्या डोक्यात फिरायलं व्हतं, आणि नाकाचा शेंडा लाल व्हत चालला व्हता.

बाजारात लिंबाखाली गर्दी. मधी बाजेवर सिताराम आबा, बाजारातल्या तकरारीचा फैसला करणारा म्हातारा. समोर कुसुमबाई मातीतच बसलेली. पलीकडं टेम्पो, मागचं फळकूट उघडं, आत मेंढ्या चढवलेल्या, आणि त्याच्या चाकाला टेकून व्यंकटराव. चाळीस एकर वावर, दोनशे मेंढरं, मेंढरांमागं सालाचे गडी. सोता व्यंकटराव मेंढीच्या मागं कधी दहा पावलं चालला नसंल.

रामहरी पुढं आला. "ऐक. रातच्याला वादळात कुसुमबाईच्या नऊ मेंढ्या यांच्या कळपात शिरल्या. सकाळी ती मागायला गेली तर हे म्हणायलेत, मेंढ्या इकत घेतलेल्या हायत. इकत घेतलेल्या मेंढीवर पयल्या मालकाची खूण राहतीच, तवा खूण आमची नसली तर काय झालं, म्हणतेत."

"मंग कुसुमबाईची खूण बघा की."

"तेच तर बघितलं," व्यंकटराव तिथूनच बोलला. "तुझ्याच साईटीवर बघितलं, बाई. दाखव रे."

टेम्पोवाल्यानं आपला नवाकोरा फोन पुढं केला. कुसुमबाईचं घर निवडलेलं, खाली फोटो. डावा कान, मधी गोल भोक.

"आता मेंढ्यांचे कान बघ. उजव्या कानाला चीर, खालून चंद्रकोर. फोनात येगळी खूण, कानावर येगळी. मंग मेंढ्या तिच्या कशा? मी न्हाई म्हणत. फोन म्हणायलाय."

कुसुमबाई झटक्यात उठली. ती चारठाण्याकडनं चार वर्षांखाली हिकडं आलेली, तिची खूण इथं कुणाच्या ध्यानात नव्हती. नवरा अंथरुणाला खिळलेला. घर त्या नऊ मेंढ्यांवर आणि त्यांच्या पोटातल्या कोकरांवर.

"सोने," ती म्हणली, "मी माझ्या हातानं कान धरला, माझ्या सविता सुनेनं फोटो काढला. चंद्रकोर व्हती का न्हाई सविता?"

"व्हती आत्या."

"मंग फोनात भोक कुठनं आलं? तू कापलंस का?"

सोनूनं आपला फोन काढला. साईट उघडली. वर खंडोबा. कुसुमबाईचं घर दाबलं.

आणि जिथं मेंढीचा कान दिसायला पायजे, तिथं बी खंडोबाच. घोड्यावर.

तिनं टेम्पोवाल्याचा फोन हातात घेतला आणि पान वर सरकवलं. जिथं खंडोबा पायजे, तिथं भोकाचा डावा कान.

दोन्ही फोन दोन हातात धरून ती उभी राहिली. डोकं ते डोकंच. दुसऱ्या कुणाला आठ दिवस लागले असते. तिला तिथं उभ्या उभ्या उमगलं.

"कुसुम मावशी, फोटो चढवताना साईटीनं इचारलं आसंल, फोटोला नाव द्या. काय दिलंत?"

"काय देणार? खंडोबा."

"मालकाचं नाव का न्हाई दिलं?"

"मेंढरं देवाची, आपुन राखणारे. मालक तोच." कुसुमबाईनं पदर सावरला. "आणि तुझ्या काकाचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ते आता फोनात घिऊ व्हय?"

सोनूनं तिथनंच झरीला फोन लावला. "माय, तू खुणेच्या फोटोला काय नाव दिलंस?"

"खंडोबा," भिवराबाई तिकडनं म्हणली. "का गं? तुझ्या बापाचं नाव टाकू का काय आता म्हातारपणी?"

सोनूनं फोन ठेवला. तिला तवा आला तेवढा राग जल्मात कधी आला नव्हता, आणि तो सोतावर आला व्हता. याच घरात वाढली. आईला बापाला 'अवं ऐकलं का' म्हणतानाच ऐकलं. कळप खंडोबाचा, हे 'कोकरू' म्हणायच्या आधी शिकली. आणि तरी तिनं अशी साईट लिहिली, की बाई जे नाव टाकंल त्याच नावानं फोटो ठेवायचा. ज्या ज्या घरी बाईनं फोटो चढवला, त्या त्या घराचा फोटो 'खंडोबा'. साईटीच्या नोंदीत मोजली तर अशी घरं चौदा. दुसरा खंडोबा आला की पयला पुसायचा, तिसरा आला की दुसरा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळलं नसतं तर त्याला माफी व्हती. येडबाच्या लेकीला कशी असंल?

वरच्या चित्राचं नाव बी तिनं सोताच 'खंडोबा' ठेवलं व्हतं. त्याच फोल्डरात. पयल्याच बाईनं देवाला पुसून कान ठेवला. आणि सोनूला ते दिसलं न्हाई, कारण तिनंच फोनांला सांगून ठेवलं व्हतं, एकदा घेतलेलं चित्र वरीसभर जपून ठेवा, पुन्हा पुन्हा मागू नका, साईट चपळ चालंल. तिचा फोन लय आज्ञाधारक निघाला.

ती सिताराम आबापुढं गेली. "आबा, साईट खोटं बोलायली. चूक माझी हाय. गवाही रद्द करा."

व्यंकटराव हसला. "बघा! भावानं गावभर हलगी वाजवली, भैन हुशार, भैन हुशार. आता तिच्या जातवाल्याचं नुकसान व्हायलंय म्हणल्यावर साईट खोटी. माझ्या बाजूनं बोलली तर खोटी, तुमच्या बाजूनं बोलली तर खरी. भारी दस्तूर हाय."

"त्वांड सांभाळून बोला!" रामहरी अंगावर गेला. दोघा-तिघांनी त्याला धरला.

"दादा, थांब," सोनू म्हणली. "तुमच्या घरचा फोटो कुणी चढवला, व्यंकटराव?"

"आमच्या पार्वतीबाईनं. का?"

"नाव खंडोबाच दिलं आसंल."

"देवाचं नाव द्यायला तुझी परवानगी लागती का?"

"न्हाई. फकस्त साईटीच्या नोंदीत त्यांचा फोटो समद्यांच्या शेवटी हाय. म्हून तो भोकाचा कान तुमचा हाय, आणि चौदा घरांवर तोच दिसायलाय. झरीच्या येडबाच्या घरावर बी."

"मला ते फोल्डर-बिल्डर काय कळत न्हाई. कुसुमबाईचा खरा फोटो दाखव, मी मेंढ्या सोडतो. हाय का?"

कुसुमबाईनं सोनूकडं बघितलं.

"न्हाई," सोनू म्हणली. "पुसला गेला. मी माझ्या लिहिण्याची नक्कल ठेवते. लोकांच्या फोटोंची ठेवली न्हाई."

ती वळली. "सविता, तुझ्या फोनात?"

"फोन भरला व्हता ताई. वर गेला म्हून मी इथला काढून टाकला. हिरवी टिक आली व्हती की."

"झालं!" व्यंकटरावानं टेम्पोच्या फळकुटावर थाप मारली. "फळकूट लावा रे."

सोनूच्या नाकाचा शेंडा आता मिरचीसारखा झाला. व्यंकटराव टेम्पोकडं तोंड करून उभा व्हता. ती दोन पावलं पुढं गेली आणि त्याच्या कानाजवळ फोन नेऊन फोटो काढला.

"ए, काय करायलीस गं?"

"कानाचा फोटो काढायले."

"माझ्या?"

"व्हय." तिचा अंगठा भराभरा चालला. "नाव देते, खंडोबा. गेला. हिरवी टिक." मंग तिनं आवाज चढवला. जल्मात पयल्यांदा बाजारात आवाज चढवला. "ज्यानं आजवर कानखूण साईट उघडली न्हाई, त्यानं आत्ता उघडा. कुसुमबाईचं घर बघा. येडबाचं बघा. व्यंकटरावाचं बघा. त्या चौदातलं कुणाचंबी बघा."

दहा-वीस फोन निघाले. इक्रीला आलेले, गाजरं घ्यायला आलेले, समदे वाकून बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसला.

"अरं, ह्यो तर माणसाचा कान हाय."

"केसं बी हायत की कानावर!"

"देवाच्या जागी बी त्योच! वर बघा, वर!"

"व्यंकटराव, तुमच्या कानात बाळी घालायचं भोक हाय का वो? लहानपणी टोचलता काय?"

हासू असं उसळलं की मेंढ्या बिचकल्या. व्यंकटरावाचा हात आपसूक कानावर गेला, तवा आणखीनच उसळलं.

सोनू मातर हसली न्हाई. "बघा आबा. आता फोन म्हणायलाय की चौदा घरच्या मेंढरांची खूण व्यंकटरावाचा कान हाय. मानायचं का? कुणीबी, कवाबी, कुणाच्याबी घरावर कायबी चिकटवू शकतंय. मीच असं लिहून ठेवलंय. ह्या साईटीच्या जिवावर एक मेंढी बी नेऊ देऊ नका."

सिताराम आबा इतका येळ काठीवर हनुवटी टेकवून बसला व्हता. त्यानं बाराबंदीच्या खिशातनं कापडाची पुरचुंडी काढली, सोडली आणि बाजेवर ठेवली. भंडारा. पिवळाधमक.

"फोनाचं झालं," आबा म्हणला. "आता आपलं करू. कुसुमबाई, मेंढ्या तुझ्या असतील तर उचल."

कुसुमबाईनं चप्पल काढली, पुढं आली, मूठभर भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. "माझ्या न्हाईत तर माझा कळप बसून जाऊ दे."

"व्यंकटराव, तुमी."

व्यंकटरावानं भंडाऱ्याकडं बघितलं. मंग गर्दीकडं. समद्यांच्या हातात अजून फोन व्हते, फोनात त्याचा कान व्हता.

"ह्या जमान्यात हे असलं..." तो म्हणला. "नऊ मेंढ्यांसाठी मी भंडारा उचलू? माझी पत काय न्हाई का? घिऊन जा म्हणावं. मी काय भिकेला लागत न्हाई."

"उचलत न्हाई?"

"सांगितलं ना, घिऊन जा!"

"मंग फैसला झाला," आबानं पुरचुंडी बांधली.

सविता आणि रामहरी टेम्पोत चढले आणि एक एक मेंढी खाली द्यायला लागले. कुसुमबाई परत्येकीचा कान चाचपून मोजायली व्हती. पाच. सहा. सात.

"बाकीच्या दोन?"

टेम्पोवाला खाली बघायला लागला. "सकाळी एक गाडी गेली मावशी. फोन बघितल्या बघितल्या. त्यात दोन गेल्या."

"कुठं?"

"खाटकाकडं."

कुसुमबाई वळली. सोनू तिथंच उभी व्हती. चारचौघांत, आख्ख्या बाजारात, कुसुमबाईनं तिच्या थोबाडीत दिली. आवाज लांबच्या आडतीपर्यंत गेला आसंल.

रामहरी टेम्पोतनं उडी मारून आला. "मावशी! हात कुणावर उचलायलात? ती नसती तर सात बी मिळाल्या नसत्या!"

"ती नसती तर नऊच्या नऊ घरी असत्या!" कुसुमबाई म्हणली. "ह्या फोनाच्या आधी लोक माझ्या तोंडाकडं बघत व्हते, मेंढीच्या कानाकडं बघत व्हते. ह्या फोनानं समद्यांचे डोळे काढून घेतले."

"दादा, सरक," सोनू म्हणली. गालावर पिवळी पाच बोटं उमटली व्हती, भंडाऱ्याची. तिनं ती पुसली न्हाई. "मावशी खरं बोलायली." मंग तिनं तिथंच लिंबाच्या बुडाला बसून साईट बंद केली. ज्यानं उघडली त्याला एकच ओळ दिसायची: 'ही साईट चुकीची आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नका.' आजवर कुठल्या शिकलेल्यानं सोताच्या कामावर असं लिहिलंय? सांगा.

आठ दिवसांत तिनं समदं उलथून लिहिलं. साईटीचा माल एका जागी, लोकांचे फोटो दुसऱ्या जागी, दोन्हींच्या मधी भिंत. फोटोला बाईनं काय बी नाव देऊ दे, देवाचं देऊ दे न्हाई तर देऊ नये. आत ठेवताना साईट सोताचा लांबलचक आकडा लावती, जो दुसऱ्या कुठल्या फोटोला लागत न्हाई. आलेला फोटो पुसायचा म्हणला तर पुसतच न्हाई, जुना बी राहतो. रोजच्या रोज नक्कल. आणि नव्या फोटोला घरचा माणूस 'व्हय, हीच आमची' म्हणल्याबिगर तो कुणाला दिसत न्हाई.

पण फोटो तर पुसलेच गेले व्हते. म्हून सुट्टी टाकून ती सोता चौदा घरं फिरली. त्या चौथ्या माणसाच्या घरी बी गेली, ज्याला 'तुमच्या मनात काय हाय' म्हणली व्हती. पाया पडली. त्यानं तिला ताक दिलं आणि आपुन मेंढरांकडं निघून गेला. पार्वतीबाईनं वाड्याच्या दारातनंच कान धरून फोटो काढू दिला आणि हळूच म्हणली, "मालकांचा तो फोटो काढून टाकलास ना गं पोरी? पावने इचारायलेत."

कुसुमबाईचं घर शेवटी. ती दारात आली, सोनूला बघितलं, आणि आत जाऊन मेंढीच घिऊन आली. गुडघ्यात मान धरली, उजवा कान उलगडून धरला. चीर, खाली चंद्रकोर.

"काढ," ती म्हणली. "पण तुझ्या फोनात मला दाखवू नको. तुझ्या फोनात तर देव दिसत व्हता."

"सविताच्या फोनात दाखवते मावशी."

"आज दाखवशील. उद्या?"

"उद्या बी."

"परवा?"

"तुमी बास म्हणूस्तवर."

मंग रोज संध्याकाळी सुटी झाली की सोनू परभणीहून झरीला घरी जायची गाडी सोडून ताडकळसची एसटी धरायची. कुसुमबाईच्या दारात बसायची, सविता फोन आणायची, साईट उघडायची, घर निवडायची. कुसुमबाई मेंढी धरायची. फोनातला कान आणि हातातला कान शेजारी शेजारी. कुसुमबाई लय येळ बघायची आणि मेंढी सोडून द्यायची.

अकरा दिवस झाले. अजून ती बास म्हणली न्हाई. सोनू बी जायचं थांबली न्हाई.